दाराजवळचा पाना

दाजी गेल्याचं ताईने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "डॉक्टर काय म्हणाले?" नवरा गेलेली बहीण हॉस्पिटलच्या जिन्यात एकटी उभी राहून बोलत होती, आणि मला कारण हवं होतं. पुढे मी डॉक्टरांना स्वतः जाऊन भेटलो. फुप्फुसं आधीपासूनच खराब होती, असं त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. तो हातच मला खटकला...

दाजी मूळचे लातूरकडचे. कुवेतमध्ये दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली, त्यामुळे यंत्रांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. मी नोकरीसाठी आलो तो त्यांच्याच फिंतासच्या फ्लॅटमध्ये, आणि तिथेच राहिलो. इथला उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. हिवाळ्यातली वादळं इथे राहणाऱ्यालाच. आधी धूळ, मग समुद्राकडून वारा, मग असा पाऊस की रस्त्यांचे ओढे होतात. थंडीची चाहूल लागली की दाजी बाल्कनीची मोरी उपसत, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबत, बॅटरीचे सेल दुकानातच लावून बघत. "लाईट जाणार नाही म्हणायलेत? म्हणजे जाणारच की."

आणि त्यांची ती तालीम. बाहेर गडगडायला लागलं की कुणालाही न सांगता ते मेन स्विच खाली ओढत. घरात ऑक्सिजनचं मशीन आल्यावर तर तालमीला धारच चढली. मशीन बंद पडून शिट्टी मारायचं. आपण अंधारात त्यांच्या दाराजवळ सुतळीला टांगलेला पाना चाचपायचा, सिलिंडर उघडायचा, नळी बदलायची. उशीर झाला की दाजी म्हणत, "मेव्हणे, आम्ही वर पोचलो. तुम्ही या सावकाश." भाची हसायची. मला राग यायचा. हा माणूस आजाराचा धाक घालून घर मुठीत ठेवतोय, असं मला वाटायचं.

यंदाच्या पहिल्या मोठ्या वादळात ताई ड्यूटीवरून येताना पाण्यात अडकली होती. मी नुकताच चहा ओतून घेतला होता. दिवे गेले, शिट्टी वाजली. खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या इमारतीत लख्ख उजेड. "मामा, रिलॅक्स. इट्स जस्ट बाबा," भाची तिच्या खोलीतून म्हणाली. मलाही तेच वाटलं होतं. मी चहा संपवला. मुद्दाम, सावकाश.

पाणी आमच्याच इमारतीच्या तळघरात शिरलं होतं, विजेच्या खोलीत. मी गेलो तेव्हा दाजी सिलिंडरपाशी फरशीवर बसले होते. हातात पाना, ओठ काळेनिळे. वॉल्व्ह त्यांनीच उघडला होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ही तालीम नव्हती बरं का, मेव्हणे..." त्यानंतर त्या विषयावर एक शब्द काढला नाही. थोडे सावरलेही. मग पुन्हा दम लागला, हॉस्पिटल झालं, आणि तिथून ते घरी आलेच नाहीत.

त्या एका कपाने काही बिघडलं का, हे मला कुणीच सांगू शकत नाही. "नाही" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. ताईला दाजींनी सांगितलं असेल का? की भाचीने? ताई गप्प राहून जेवायला वाढू लागली की वाटायचं, हिला ठाऊक आहे. हसून बोलली की वाटायचं, लपवतेय. विचारायची मात्र छाती झाली नाही.

परवा संध्याकाळी आभाळ पुन्हा पिवळं झालं. मी चहा घेऊन बसलो होतो आणि दिवे गेले. मी खिडकीकडे पाहिलंच नाही. चाचपडत धावलो, पाना ओढून काढला, सिलिंडरसाठी हात पुढे केला... हाताला भिंत लागली. सिलिंडर, मशीन, सगळं केव्हाच परत गेलं होतं.

मेन स्विचपाशी ताई उभी होती.

"या वेळी चहा संपवायला थांबला नाहीस," ती म्हणाली.

तो टोमणा होता की माफी, अंधारात कळलं नाही. तिने स्विच वर ढकलला, आणि उजेडात मला दिसली ती स्वयंपाकघराकडे निघालेली तिची पाठ. मी पाना परत सुतळीला अडकवला. रिकाम्या खोलीच्या दाराशी तो अजून तिथेच आहे. तो काढून ठेवायचं नाव ती घेत नाही, आणि मीही.