पाच गॅलऱ्यांतलं धुणं

सोनिवलीच्या सरकारी योजनेतल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर घरं पाच आणि राहणारं माणूस एकच, विठाबाई. घर पाहावं बांधून म्हणतात. सोडतीत लागलेलं घर पाहावं राहून!

विठाबाईंचा सगळा जन्म उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये गेला. दिवसभर जीन्सचे धागे कापायचे, शेजारणीशी भांडायचं आणि संध्याकाळी तिच्याकडूनच विरजण आणायचं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तरी एकटं कधी वाटलं नाही. इथे मात्र आठवड्यातच वाटायला लागलं. बाकीच्या चौघांनी गरिबांसाठीची घरं घेऊन कुलपं ठोकली होती आणि भाव चढायची वाट बघत ते आपापल्या जुन्या घरी आरामात होते.

नियम असा, की घरात स्वतः राहायचं, रिकामं सापडलं तर ते रद्द. म्हणून चौघांनी चाव्या विठाबाईंकडे दिल्या. रोज सकाळी त्या आपलं मूठभर धुणं पाच गॅलऱ्यांत वाटून वाळत घालत, एकीत लुगडं, दुसरीत परकर, तिसरीत टॉवेल. दारांपुढे आपल्याच जुन्या चपला मांडत. त्या चौघांतली हेंद्रेपाड्याची प्राची रोज फोन करी.

“मावशी, कपडे घातले ना वाळत? जेवलात का?”

जेवणाचं ती नुसतं सवयीनं विचारी. विठाबाई भाजीत काय घातलं इथपर्यंत सांगत बसत.

एके दिवशी तपासणीचे साहेब आले. चपला बघितल्या, धुणं बघितलं, कागदावर खुणा केल्या.

“सगळे राहतायत, बरं झालं काकू. नाहीतर ही घरं काढून यादीतल्यांना द्यायची होती. तुमच्या कॅम्प चारमधलीच माणसं आहेत. बिल्डिंग धोकादायक म्हणून खाली केली, शाळेत झोपतात बिचारी.”

विठाबाईंनी चारही बंद दारांकडे पाहिलं. खरं सांगितलं तर भिंतीपलीकडे माणसं येतील. पण आपलंही घर गेलं तर? हात दाखवून अवलक्षण कोण करणार! साहेब जिना उतरायला लागले, तशा त्या कठड्याशी धावल्या.

“साहेब, इथे कोणी राहत नाही. ते धुणं माझं, चपलाही माझ्याच. माप बघा हवं तर.”

साहेब परत वर आले. भलतेच तापले होते.

“रोज एवढं खोटं करत होता? किती पैसे देत होते?”

“पैसे कसले, साहेब?” विठाबाई म्हणाल्या. “ती प्राची फोन करायची. जेवलात का, विचारायची.”