बिनमिठाची टर्की

आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यात आधी मीठ काढून घेतलं. पाणीसुद्धा मोजूनमापून, पण पाण्याचं ह्यांनी मुकाट्यानं ऐकलं. मिठाचं मात्र नाही. पहिल्या दिवशी बिनमिठाचं वरण तोंडात घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी चोरलं आहे.

हे लाकूड डेपोत कामाला होते. आलापल्लीच्या सागाच्या डेपोत कुणाची बदली असो, कुणाला पोरगं होवो, कोंबडं भाजायचं काम ह्यांच्याकडे. खड्डा खणायचा, त्यात निखारे करायचे, मसाला चोळलेलं आख्खं कोंबडं माहुलाच्या वेलाच्या रुंद पानांत गुंडाळून आत ठेवायचं आणि वरून माती लोटायची. घरी मात्र ह्यांनी कधी गॅस पेटवला नाही. डेपोतली माणसं मला सांगायची, "वहिनी, भाऊच्या हाताले चव हाय." मी म्हणायची, "असन. मले तर कधी दिसली नाई."

आजारपणात डेपो सुटला. हप्त्याला डायलिसिसच्या मशीनसाठी चंद्रपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. जाताना आष्टीपर्यंत हे बोलायचे, येताना गाडीत मान टाकून झोपायचे. ह्या दिवसांत ह्यांचा सिरोंच्याकडचा एक ड्रायव्हर दोस्त गोदावरीपलीकडून टर्कीची दोन पिल्लं घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, बसल्या बसल्या जीव लागते." मादी रानमांजरानं नेली. नर राहिला आणि वाढतच गेला. पिसारा फुलवून अंगणात फिरायचा, एसटी दिसली की गळ्याची लोंबती कातडी लालनिळी करून ग्लुडूग्लुडू करायचा. शेजारचे भाऊ कुंपणावरून विचारायचे, "कोंबडा होय का मोर होय जी हा?"

"साहेब होय," हे म्हणायचे. "दौऱ्यावर आला हाय."

"मंग सलाम ठोकू का?"

"ठोकून पाह्य. टोचा मारते."

ह्यांचं बोलणं असं फक्त टर्कीपुरतं उरलं होतं. माझ्याशी म्हणजे ताटाशी. ताट आलं की गप्प. दोन घास, मग बोटांनी भात कडेला सारायचा. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. डॉक्टर म्हणायचे, खायला पाहिजे, नाही खाल्लं तर ताकद कुठून येणार. आणि डॉक्टरच म्हणायचे, मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही.

मी पापड करते. उडदाचे, मुगाचे, तांदळाचे. आलापल्ली-अहेरीतल्या बायका माझ्याकडून नेतात. पापडाला खार लागतो. बाजारचा खार मला चालत नाही. तिळाची धसकटं आणि आघाडा वाळवून मी जाळते, त्याची राख पाण्यात भिजवते, वरचं पाणी फडक्यातून गाळून बाटलीत भरते. काळ्या चहासारखं दिसतं. जिभेला लावलं की आधी चुरचुरतं, मग खारट लागतं. माझ्या माहेरी, जंगलातल्या गावात, मीठ संपलं की माझी आई भाजीत हेच टाकायची. कुणाला कधी काही झालं नाही.

लेक कोरपन्याला दिलेली. जावई तिथल्याच एका सिमेंट कारखान्यात. सुट्टीत दोघं येणार असं कळलं तशी ह्यांनी बाजेवरून आवाज दिला.

"साहेबाले कापू."

"काऊन जी? तुमचा तर दोस्त होय तो."

"पोरगी येऊन राह्यली. तिले काय वरणभात चारशीन? आणि मलेबी खाऊ दे एकदा. अख्खा भाजू. खड्ड्यात."

"मीठ नाई टाकणार मी."

ह्यांनी कूस बदलली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मंग काऊन कापता त्याले? जगू द्या. कोणीतरी जगू द्या घरात."

त्या वाक्यानं माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. राग आला, हे खरं. दिवसभर मी राबते, बिनमिठाचं खाऊ घालते आणि वर मीच दुष्मन. आणि रागाच्या पोटात दुसरं काहीतरी होतं. मला वाटलं, एकदा ह्या माणसानं माझ्या हातचं बोटं चाटून खावं.

लेक-जावई आले. जावयानं आणि शेजारच्या भाऊंनी टर्की कापून, साफ करून दिली. कोंबडीच्या तिप्पट तरी होती, परातीत मावेना. जावयानं अंगणात खड्डा खणला. हे खुर्ची टाकून परसात बसले आणि मी मसाल्याला लागले. धने, जिरे, मिरे, लवंग, दगडफूल तव्यावर कोरडं भाजलं. लसूण आणि हिरवी मिरची पाट्यावर वाटली, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या काड्यांसकट. गोडनिंबाचा पाला, थोडी रानतुळस.

"जाड वाटजो," हे खुर्चीतून. "बारीक मसाला जळते."

"माहीत हाय."

"कातडीच्या खाली हात घाल. वरून चोळून नाई होत. छातीचं मांस कोरडं असते याचं, तेल जाऊ दे आत."

मी कातडी आणि मांसाच्या मधून बोटं सरकवली. कातडी एवढी सहज सुटते हे मला ठाऊक नव्हतं. जवसाच्या तेलात कालवलेला मसाला छातीपर्यंत नेला, मांड्यांना चिरा देऊन त्यांत भरला. वास असा सुटला की लेक चुलीपासून उठून आली. मी करंगळीला मसाला लावून चाखला. तिखट होता, वास होता, पण जिभेवर उभाच राहत नव्हता. सगळी वरात आली आणि नवरदेवच नाही, असं.

हे खुर्चीतून पाहत होते. मग "लघवीले जाऊन येतो" म्हणून जावयाचा हात धरून उठले.

खाराची बाटली पाट्याच्या बाजूलाच होती. सकाळीच मी पापडाचं पीठ भिजवलं होतं. मी मनाशी म्हटलं, हे मीठ थोडंच आहे? राख आहे. मीठ दुकानात मिळतं, हे आघाड्याचं पाणी. डॉक्टरांनी मीठ नाही म्हटलं, राख नाही असं कुठं म्हटलं. डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये होता. लेकीनं हाताशी धरून लावायला शिकवला होता. मी फोन केला नाही. विचारलं तर नको म्हणतील, हे मला आतून कळत होतं, म्हणून विचारलं नाही. आज इतक्या दिवसांनी हे लिहिताना एवढं तरी कबूल करते.

अर्धी बाटली उरलेल्या मसाल्यात ओतली. चांगली सढळ. वरून लिंबं पिळली तर सगळं फसफसून वर आलं. फेस बसल्यावर चाखलं. मसाला जिभेवर उभा राहिला. तोच पुन्हा कातडीखाली आणि चिरांत चोळला. पोटाच्या पोकळीत उरलेलं पाणी ओतलं, लसणाचे कांदे भरले, पाय बांधले, आणि माहुलाच्या पानांत गुंडाळून सुतळी आवळली. हे परत आले तेव्हा मी हात धूत होते.

खड्डा उघडला तेव्हा दुपार कलली होती. पानं काळी पडलेली, आतून तेल गळत होतं. हाडापासून मांस आपोआप सुटत होतं. जावयानं मांडीचा तुकडा ह्यांच्या ताटात ठेवला. ह्यांनी घास तोंडात टाकला आणि चावायचे थांबले. माझ्याकडे पाहिलं.

"टाकलं ना तू?"

"नाई जी. पोरीची शप्पथ."

हे हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. लेकीला म्हणाले, "तुह्या मायच्या हाताले चव हाय वं. मले आज समजलं."

मी शपथ खोटी घेतली नव्हती. तरी ह्यांना काय वाटतं ते मला दिसत होतं. ह्यांना वाटलं, हिनं चोरून मीठ टाकलं, माझ्यासाठी. मी तसंच वाटू दिलं. ह्यांनी दुसरा तुकडा घेतला, पानात साचलेला रस भातावर ओतून घेतला. संध्याकाळीही तेच खाल्लं. मी वाढत राहिले. त्या दिवसाइतकं सुख मला गेल्या काही वर्षांत झालं नव्हतं, हेही लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाजेवरून उठायला गेले आणि उठेनात. "पायात शिसं भरल्यावानी होऊन राह्यलं," म्हणाले. मग हात. मग छातीत कसंतरी. जावयानं गाडी काढली. आष्टी, गोंडपिपरी, सगळा रस्ता मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दोन्ही बाजूंनी जंगल मागं जात होतं आणि मी फक्त ह्यांच्या गळ्याची नस बघत होते, उडते की नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात छातीला वायरी लावल्या. डॉक्टर ईसीजीची पट्टी पाहून घाईला आले. "काय खाल्लं? केळी? नारळपाणी? फळांचा रस?"

"काही नाही डॉक्टर," लेक म्हणाली. "काल टर्की केली होती. पण मीठ नव्हतं त्यात."

तोंडावर मास्क होता, तरी ह्यांनी हात हलवला. मास्क बाजूला करून म्हणाले, "मीठ होतं. मीच चोरून टाकलं. हिले माहीत नाई."

लेक रडायलाच लागली. "बाबा, तुमाले समजत नाई का! लहान हाय का तुमी?" हे तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते, की बघ, तुझं नाव येऊ दिलं नाही. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. मला सुटल्यासारखं वाटलं. माझा माणूस तिथं असा पडलेला, आणि मला हायसं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, "मिठानं हे होत नाही. पोटॅशियम फार वाढलंय, हृदय कधीही थांबू शकतं. मिठाऐवजी दुसरं काही वापरलं का? नीट आठवा. मला कळलं पाहिजे, पोटात अजून किती आहे ते."

यंत्र टिकटिक करत होतं. मी म्हटलं, "राखेचं पाणी."

"कसलं पाणी?"

"खार. पापडाचा. आघाडा जाळून करते मी."

डॉक्टर सिस्टरकडे पाहू लागले. सिस्टर गडचिरोलीकडची होती. ती म्हणाली, "आमच्याकडं भाजीत टाकतात सर, जुनी माणसं." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला नाही, ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "राखेत तेच असतं, बाई. तेच." आणि ह्यांना तसंच मशीनवर घेतलं. यंत्राच्या आवाजात ह्यांना आमचं बोलणं ऐकू गेलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

ऐकू गेलं नव्हतं, आणि नंतर लेकीनंही ह्यांना सांगितलं नाही. हे वाचले आणि घरी आले. आठवड्याभरानं ताटावर बसून मला हळूच म्हणाले, "त्या दिवशीसारखं टाक ना थोडंसं. चिमटीभर. मी कोणाले सांगतो का?" डोळ्यांत पोरासारखा लाड. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मला सहन झालं नाही. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. मीठ नव्हतं. खार होता. तुम्ही ज्याला माझी माया समजलात, त्यानं तुमचा जीव जात होता. फोनही मी मुद्दाम केला नाही.

वाटलं, ताट भिरकावतील. वाटलं, रडतील, नाहीतर हसतील. हे नुसते म्हणाले, "असं होय," आणि भात कालवू लागले. संपूर्ण ताट संपवलं.

त्या दिवसापासून हे कुरकुर करत नाहीत. जे वाढते ते खातात, जेवढं वाढते तेवढं. भात कडेला सारत नाहीत. लेकीला फोनवर मी सांगते, बाबा चांगलं जेवतात, आणि ती खूश होते. डॉक्टरही खूश आहेत, वजन सावरलंय. मी रोज ताटासमोर बसते आणि वाट पाहते, की हे काहीतरी म्हणतील. अळणी हाय म्हणतील. मले मारून राह्यली का म्हणतील.

परवा मी भात अर्धाकच्चा उतरवला. मुद्दाम. दाणा दाताखाली करकर वाजत होता, मला ऐकू येत होतं. ह्यांनी सगळा खाल्ला.

"कच्चा नाई लागला का जी?" मी विचारलं.

"लागला," हे म्हणाले, आणि हात धुवायला उठले.