इंजेक्शनचा आग्रह

अजिनाथ बारा वर्षं शेजारी होता, पण निवृत्त कंपाउंडर मोहनरावांना तो कितीसा ठाऊक होता! ऊसतोडीहून परतला की संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा, एवढंच.

पत्रे बसवताना तो छतावरून पडला, मणक्याला मार लागला आणि कंबरेखाली बधिर झाला. बीडच्या दवाखान्यात मोहनरावांनीच हट्ट धरला, "स्टेरॉइडचं इंजेक्शन द्या. आमच्या काळी मार लागल्यापासून आठ तासांत द्यायचे."

"आता सर्रास देत नाहीत. फायद्याची खात्री नाही, संसर्गाची भीती," तरुण डॉक्टर म्हणाले. "यांना शुगर आहे का?"

"छे! दगडासारखा गडी हाय," मोहनराव बोलून गेले. अजिनाथनं त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाचा शब्द खाली कसा पाडायचा, म्हणून गप्प राहिला. हट्टापुढं डॉक्टर नमले आणि रिपोर्ट यायच्या आत औषध सुरू झालं. मागून एसटीनं आलेल्या त्याच्या बायकोच्या, मंगलच्या पिशवीत त्याच्या शुगरच्या गोळ्या निघाल्या.

स्टेरॉइडनं साखर भडकली, छातीत संसर्ग झाला, नवव्या दिवशी तो गेला. इंजेक्शनमुळंच गेला असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मोहनरावांची तेवढ्यानं सुटका होत नाही.

जायच्या आदल्या दुपारी अजिनाथ उशाशी बसलेल्या मोहनरावांना म्हणाला होता, "काका, उपाशी कशाला बसलात? जेवून या की."

"आलोच रे."