बसच्या पायरीवरचा फोटो

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना बंद पडला आणि हातात आलेल्या पैशांतून मी कॅमेरा घेतला. साधासुधा नव्हे, लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनीही दहा वेळा विचार करावा असा. भावाने फोनवर मला यथेच्छ झापलं. बायकोने झापलं नाही. मी खोकं उघडत असताना बाजूला बसून तिने एवढंच विचारलं, की ह्याने आपलं काय होणार? मी म्हटलं, धंदा होणार. तिने मान हलवली आणि ती ब्लाउजच्या शिलाईला बसली.

धंद्याला माणूस चटपटीत लागतो, मी पडलो चिकित्सक. लोकांना फोटो हवे असायचे, मला नेमका क्षण हवा असायचा. एका बारशाला बाळ हसेल म्हणून मी टपून बसलो आणि तेवढ्यात आत्या कानात नाव सांगून मोकळी झाली. पुन्हा सांगा म्हणालो, तर सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यानंतर ऑर्डरी आटल्या. मग मी मिऱ्यावर नाहीतर भाट्याच्या वाळूत समुद्राचे फोटो काढत बसायचो. समुद्र ऑर्डर रद्द करत नाही. पैसेही देत नाही.

घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं होतं. वर्षभराने मुंबईतल्या तिच्या बहिणीने तिच्यासाठी तयार कपड्यांच्या कारखान्यात काम बघितलं. अर्जाला फोटो हवा होता. ती केस विंचरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोवर त्या कॅमेऱ्यात तिचा एकही फोटो नव्हता, कारण तिचा फोटो मला सगळ्यांत चांगला काढायचा होता. मी म्हणालो, आता ऊन डोक्यावर आहे, डोळ्यांखाली सावल्या पडतील, उद्या सकाळी काढू. दुपारी ती नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली आणि पाच मिनिटांत आठ फोटो घेऊन आली. मला त्याचा राग आला होता, हे सांगताना आज लाज वाटते.

जाऊ नकोस, एवढंच मला म्हणायचं होतं. जेवताना म्हणू, चहा घेताना म्हणू, असं करत त्यालाही मी मुहूर्त शोधत राहिलो. निघायचा दिवस आला.

स्टँडवर कॅमेरा गळ्यात होताच. संध्याकाळचं तिरपं ऊन होतं. ती बसच्या पायरीवर चढली आणि वळली. अर्ध्या चेहऱ्यावर प्रकाश, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे. मी बटण दाबलं. त्याच वेळी ती काहीतरी म्हणाली. गाडी सुरूच होती, नीट ऐकू आलं नाही, पण निघताना माणूस काय म्हणणार?

"बरं, ये," मी कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणालो.

गाडी गेली. मी स्कूटरला किक मारली आणि तिथेच थांबलो. आपल्याकडे निघणारं माणूस 'येते' म्हणतं. दूध आणायला जाणारंही तेच म्हणतं. लहानपणी कोणी 'जाते' म्हटलं, तर आई रागावून पुन्हा बोलायला लावायची. आणि मला आता वाटायला लागलं, की ती 'येते' म्हणाली नव्हती.

घरी मशीनवर कापड झाकलेलं होतं. एवढं एकटं मला कारखाना बंद पडला तेव्हाही वाटलं नव्हतं. फोन करून विचारावं, तर विचारायचं काय? सकाळी पोचल्यावर तिने स्वतःच फोन केला, रात्री जेवलात का विचारलं, डाळीच्या डब्याची जागा सांगितली. मीही तेवढ्यावरच फोन ठेवला.

मग फोटो कॉम्प्युटरवर लावून मोठा केला. माझ्या हातून इतका चांगला फोटो आजवर निघालेला नाही. डोळे स्पष्ट, केसांची एकेक बट स्पष्ट, ओठ बोलता बोलता उघडलेले. मी आरशासमोर जाऊन दोन्ही शब्द म्हणून बघितले, सावकाश, चार-पाच वेळा. 'येते' म्हणताना तोंड एवढं उघडत नाही.