वाचून दाखवलेली ओळ

हे मी कुठे लिहिलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही. ताईच्या लेकीला तर नाहीच.

तेवीस वर्षं मी नागपुरात वार्ताहर होतो. एक सवय कधी मोडली नाही — कुणाचं म्हणणं टिपून घेतलं, की त्याला ते वाचून दाखवायचं. बरोबर आहे ना, असं विचारायचं. मगच बातमी. या सवयीचा मला अभिमान होता. म्हणून ती आधी सांगतो.

शकूताई माझी मोठी बहीण, भिवापूरची. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे हंगामात मिरची वाळवून निवडतात त्या मैदानावर, बायकांच्या रांगेत बसून ती लाल मिरचीचे देठ खुडायची. तिचं अर्धं आयुष्य तिथे गेलं, मैत्रिणीही तिथल्याच. स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आणि पुढच्या उपचारांसाठी ती नागपुरात, महाल भागात आमच्याकडे राहायला आली.

काही महिन्यांनी पुन्हा दुखू लागलं. नव्या तपासण्यांसाठी भरती केलं, तेव्हा नर्सने एक फॉर्म दिला. रुग्णाला दवाखान्याकडून काय हवं आहे, ते त्यात लिहायचं होतं. फॉर्म इंग्रजीत. ताई चौथी शिकलेली. लिहिणारा मी.

तिला तो फॉर्म फार आवडला. "पहिल्यांदाच कोनी इचारून राहिलं मले," म्हणाली. मग सांगू लागली. "लिव — पट्टी बदलतानी पडदा पुरा लावा, अर्धा नोको. अन् डाक्टर मॅडमले म्हना, माह्या डोक्यावरून भावासंगं बोलू नका. बिमारी मले हाय, त्याले नाही." हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "रिपोर्टमंदी काही वाईट निंगालं, तर पयले मले सांगा. मंग घरच्यायले."

पडद्याचं मी लिहिलं. मॅडमचं गाळलं. या शेवटच्या वाक्याच्या जागी लिहिलं — वाईट बातमी फक्त भावाला सांगावी, रुग्णाला सांगू नये.

"वाचून दाखव बरं," ती म्हणाली. "पेपरवाला हायेस ना गा तू."

मी वाचून दाखवलं. तिचंच वाक्य, तिच्याच शब्दांत — कागदावर नसलेलं. तिने खाली सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

का केलं? तिला धक्का बसू नये म्हणून? तसं सांगता आलं असतं. पण ते ऐकतानाचा तिचा चेहरा मला पाहायचा नव्हता. एवढंच होतं ते.

रिपोर्ट आले. आजार यकृतात पोचला होता. फॉर्ममध्ये होतं त्याप्रमाणे डॉक्टर मॅडमनी मला बाहेर बोलावलं. किमो देऊन पाहता येईल, पण फार आशा नाही. किंवा दुखण्यावरची औषधं देऊन घरी नेता येईल. "त्यांना काय हवंय, ते एकदा विचारून घ्या," त्या म्हणाल्या.

मी विचारलं नाही. किमो चालू ठेवा, असं सांगितलं. लोकांना प्रश्न विचारण्याचा पगार घेणारा माणूस मी — वॉर्डच्या दारापासून तिच्या खाटेपर्यंत किती पावलं होती?

भिवापूरला सातरे सुरू झाले. मैत्रिणींचे फोन यायचे, कधी येतं वं? ताई सांगायची, "एवढी दवाई संपू द्या, मंग येतोच. माही जागा कोनाले देऊ नका." ओकारी झाली की बेसिन धरून बसायची, आणि दवाई लागू पडून राहिली म्हणायची.

शेजारच्या खाटेवर नवी बाई आली. रिपोर्टच्या भीतीने रडत होती. ताईने तिला जवळ घेतलं. "घाबरू नोको वं. मी तं लिवूनच देल्लं हाय — वाईट राहिलं तर पयले मले सांगा. आजलोक कोनी काही बोललं नाही. म्हंजे बरंच हाय ना?" मग माझ्याकडे वळली. "हाय ना गा?"

मी हो म्हणालो.

ताई दवाखान्यातच गेली. सातरा अजून चालू होता.

फाइल माझ्या कपाटात आहे. मी लिहिलेल्या त्या ओळीखाली तिचं पूर्ण नाव आहे.