भोंगऱ्यात आलेला गुप्तहेर

चोपड्याच्या वसतिगृहात आम्हा सगळ्यांचा देव एकच होता. एसटी स्टँडच्या स्टॉलवर मिळणाऱ्या पुस्तकांतला एक गुप्तहेर. चौकड्यांचा कोट, तोंडात वेलदोडा, आणि समोर मुडदा पडला तरी कोटाची इस्त्री मोडायची नाही. नवं पुस्तक कधी वेळेवर यायचं नाही, म्हणून आम्हीच त्याच्या गोष्टी लिहायचो आणि कॉलेजच्या हस्तलिखित अंकात लावायचो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. करमणूक म्हणून दुसरं होतंच काय!

अंकाचा संपादक माझ्याच खोलीत राहायचा. केळीवाल्या घरातला, दिलदार, घरून आलेला पहिला लाडू माझ्या हातावर ठेवणारा. त्याने एकदा आपल्या गुप्तहेराला सातपुड्यात धाडलं, थेट आम्हा पावरा आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात. मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. तिथे म्हणे पोरं पोरींच्या गालाला गुलाल फासतात आणि जिला गुलाल लागला ती त्या पोराची होते, तो तिला पळवून नेतो.

भोंगऱ्या म्हणजे होळीआधीचा बाजार, बाकी काही नाही. पूजेसाठी भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळ्या, गूळ, खजूर घ्यायचा. मजुरीला पांगलेली माणसं त्यासाठी गावी परततात. एका घरच्या बायका एकाच रंगाचं कापड घालतात, म्हणजे गर्दीतही आपलं माणूस लांबून ओळखू येतं. माझी थोरली बहीण गुजरातेत ऊस तोडायची. ढोलापुढे त्या नव्या कापडात नाचताना ती जशी हसायची, तशी एरवी हसलेली मला आठवत नाही. तिचा तेवढाच एक दिवस होता.

"हे खोटं आहे," मी संपादकाला म्हणालो. "तिथे कुणी कुणाला पळवत नाही."

"अरे, बठ्ठास्ले माहीत शे! पेपरमा बी येस," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. "तुले राग येत व्हई ते तूच लिख ना."

लिहिली. जीव ओतून लिहिली. माझ्या गोष्टीत बाजारातून ढोल चोरीला जातो. एक बाई स्वतःला ढोलवाल्याच्या घरची म्हणवते, पण तिचं कापड घरच्या बायकांसारखं नसतं. गुप्तहेराच्या नजरेतून ते सुटत नाही. ढोल तिच्याकडेच सापडतो, गुप्तहेर गूळ-डाळ्या खातो आणि निघतो.

"बेस शे," संपादक म्हणाला, "पन चटकदार नही. कोन वाचस अशी?"

अंक निघाला तेव्हा गोष्टीच्या शेवटी गुलाल होता. गुप्तहेर स्वतःच एका पोरीच्या गालाला तो फासत होता. खाली नाव माझं. "थोडंसं सुधारलं रे," तो लाडू पुढे करत म्हणाला. एका सरांनी तर वर्गात माझी पाठ थोपटली. आजवर ऐकीव होतं, आता त्यांच्यातल्याच मुलाने लिहिलंय, म्हणाले. मी कुणाकुणाला सांगत फिरलो की तो शेवट माझा नाही. ऐकतो कोण? भिंतीशी बोललेलं बरं.

त्या होळीला कॉलेजची पोरं आमच्या बाजारात आली. एकाने खिशातून गुलाल काढला आणि माझ्या बहिणीच्या गालाला फासला. मी त्याची कॉलर धरली, तर तो हसतच सुटला.

"अरे, तूच तर लिखेल शे ना!"

ढोल वाजतच होते. बहिणीने नव्या कापडाच्या पदराने गाल पुसला, पण रंग निघेना. तिला वाचता यायचं नाही. तू काय लिहिलंस, असं तिने आमच्या बोलीत विचारलं. मी सगळं सांगितलं, शेवट माझा नाही हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, नाव तर तुझं आहे ना.

संपादक अजूनही कधी भेटला की म्हणतो, तुझ्याइतकी गोष्ट कुणाची गाजली नाही.

पुढच्या होळीला आईने नेहमीसारखं सगळ्यांचं कापड आणलं. बाकीच्या बायका नटून बाजाराला निघाल्या. बहीण उसाच्या फडावरून आलीच नाही. डाळ्या तूच आण, असा तिचा मला निरोप आला.