बंद केलेलं बटण

माझं शुद्धलेखन कच्चं, अक्षरही वेडंवाकडं. ही वही कुणाच्या हाती लागली तर माफ करावं. आज नातीने चार्जरचं बटण खट्‌कन बंद केलं आणि माझा जीव पुन्हा थाऱ्यावर राहिला नाही.

तिची आई, माझी सुनीता, तेव्हा जळगावला विद्यापीठात गणित शिकत होती. गणितं सोडवायचं सॉफ्टवेअर तिथल्याच नेटवर मिळायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच परीक्षा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली. तो लॅबमध्ये वायरवर लावून, सॉफ्टवेअर उतरवायला ठेवून ती सरांची सही आणायला गेली; तिच्यासोबत आलेली मी आणि लॅबचे शिपाई नाना तिथेच होतो. थोड्या वेळाने पडदा काळा झाला. काम झालं असेल, वीज कशाला जाळायची, म्हणून मी घरच्या सवयीने बटण बंद केलं.

"नाना, लाईट गेली होती का? आता सगळं पहिल्यापासून!" सुनीता लॅबच्या शिपायावर चिडली.

"लाईट ते शे ना, बेटा, गेली नाही. माझाच हात लागला असेल," नाना म्हणाले. त्यांनी मला पाहिलं होतं. मी पदर सावरून पिशवी आवरायला लागले.

सॉफ्टवेअर पुन्हा उतरेपर्यंत आमची घरची, यावलची शेवटची बस गेली. काळीपिवळी जीपचे जास्तीचे पैसे नानांनीच दिले.

पुढच्या महिन्यात मी ते त्यांच्या हातावर ठेवले.

"पोरीले सांगितलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. पैसे तेवढे पूर्ण फिटले.